आधी तो पाइप खाली ठेव

आधी तो पाइप खाली ठेव आणि नळ बंद कर. दुपारचे दोन वाजलेत, नवतपा सुरू आहे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि तू डोक्याला दुपट्टा गुंडाळून गवतावर पाणी मारतो आहेस. वर मलाच विचारतोस, "बाई, रोज पाणी देतो, तरी का जळतंय?" रोज देतोस म्हणून जळतंय. आणि मध्ये बोलू नकोस. वर्गात मध्येच बोलायचास तेही चुकीचंच असायचं.

उन्हाचं कारण तर सांगूच नकोस. नागपुरात उन्हाळा यंदा पहिल्यांदा आलेला नाही. पारा इथे पंचेचाळीसच्या पुढे जातो हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक आहे. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले, तो फोटो तू अजून मोबाइलमध्ये जपून ठेवलायस आणि आल्यागेल्याला दाखवतोस. सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानेच नंतर सांगितलं. तो खुलासा मात्र तुझ्या मोबाइलपर्यंत पोचला नाही. बिघडलेल्या यंत्राच्या आडोशाला उभं राहून आपलं अज्ञान झाकू नये.

हे गवत कोणतं, सांग. 'सिलेक्शन वन'? ते नर्सरीवाल्याच्या पाटीवरचं नाव झालं. वनस्पती कोणती? बारावीला माझ्याकडे वनस्पतिशास्त्र होतं ना तुला? हरळी आहे ती. गणपतीला वाहतोस ती दूर्वा, तिचीच बारीक पानांची निवडक जात. आता कळमेश्वरच्या नाहीतर काटोलच्या कुठल्याही कास्तकाराला जाऊन विचार, हरळी कशी मरते म्हणून. तो हसेल तुला. नांगरतो, खणतो, मुळ्या वेचून धुऱ्यावर भर उन्हात वाळत घालतो, आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की ती पुन्हा डोकं वर काढते. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिला मारायला बघताहेत, कुणाला जमलं नाही. तू एका उन्हाळ्यात जमवत आणलंयस, तेही लाड करून.

फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं मी: मका, ज्वारी, ऊस आणि हरळी, या सगळ्या सी-फोर वनस्पती. पर्णरंध्रं बरीचशी मिटून घेऊनही कर्बवायू पकडायची त्यांची रीत आहे, म्हणून कडक उन्हात त्या इतर गवतांपेक्षा कमी पाण्यात भागवतात. आणि तेही भागेनासं झालं तर हरळी पानं सोडून देते, सगळा जीव जमिनीखालच्या खोडांत ओढून घेते आणि पडून राहते. वर सगळं तपकिरी, खाली सगळं शाबूत. याला सुप्तावस्था म्हणतात. परीक्षेत तुला हा प्रश्न आला होता की नाही ते आठवत नाही, पण आला असता तर सोडून दिला असतास एवढं नक्की.

पंचाईत अशी आहे, की तू तिला झोपूही देत नाहीस आणि नीट जागंही ठेवत नाहीस. हरळीची मुळं चांगल्या जमिनीत मीटरभराहून खाली जातात. हौस म्हणून जात नाहीत. वरची माती वाळते, खाली ओल असते, त्या ओलीच्या मागे जातात. तू रोज वरचा बोटभर थर भिजवतोस. मग खाली जायचं कशाला? मुळं सगळी त्या बोटभर थरात बसली. दुपारी चारला तोच थर तव्यासारखा तापतो, मुळं भाजतात, पान पिवळं पडतं, ते बघून तू आणखी एक फेरी पाणी मारतोस. खोटं वाटत असेल तर आतून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आण आणि जमिनीत खुपस. बोटभर जाईल आणि अडेल. रोजच्या पाण्याची सगळी कमाई तेवढीच. खाली दगड झालाय.

आणि शेजारचे ते काका सांगतात ना, की दुपारी पानावरचे थेंब भिंगासारखे काम करतात आणि पान जाळतात, तेही मनावर घेऊ नकोस. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रयोग करून दाखवलं, की गुळगुळीत पानावरचा थेंब काही पान जाळत नाही; अंगभर लव असलेल्या काही पानांची गोष्ट वेगळी. दुपारी पाणी मारायचं नाही ते एवढ्यासाठी, की मुळापर्यंत पोचायच्या आधीच बरंचसं उडून जातं. चूक टाळायची तर खऱ्या कारणाने टाळावी.

मला सांग, हे गवत लावलंस कधी? मार्चमध्ये! पाडव्याला गृहप्रवेश, पाहुण्यांचे फोटो हिरवळीवर यायला हवेत, म्हणून होळी झाल्यावर लाद्या आणून अंथरल्यास. मुळं धरायला जूनअखेर ते ऑगस्ट असा अख्खा पावसाळा देवाने फुकट ठेवलेला असताना तू महिना निवडलास मार्च. त्या गवतापुढे लगेच एप्रिल होता आणि एप्रिलच्या पुढे मे. तुझ्या त्या पोर्चजवळच्या पट्ट्यात तर त्याहून कमाल: तिथे कोरियन गवत. दिसायला मऊ, वाढायला अतिशय सावकाश. एकदा करपलं की भरून यायला त्याला महिने लागतात. फोटो छान आले असतील.

आता खाली काय आहे ते बघू. मला तुझी जमीन बघायला खणावंही लागत नाही, तुझ्या लेआउटमधली सगळी घरं अशीच आहेत. वर चार इंच काळी माती, तिच्याखाली बिल्डरचा मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट. काळ्या मातीचा स्वभाव काय? भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. भेगा पडल्यावर तू पाइप धरलास तर पहिलं पाणी थेट भेगांतून खाली मुरमात. मुळांना दर्शनसुद्धा नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर ती पाणी इतकं हळू पिते की उरलेलं सगळं फाटकाखालून रस्त्यावर. तुझ्या फाटकासमोर भर मे महिन्यात शेवाळ धरलंय, बघितलंस? तो रस्ता सिमेंटचा आहे, त्याला पाण्याची गरज नाही.

हिशेब कर. तोंडाने नको, कागदावर कर. पंधरा लिटरची बादली तुझ्या पाइपने मिनिटात भरते. रोज चाळीस मिनिटं पाइप चालतो. झाले सहाशे लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे चार माणसांचं दिवसभराचं पाणी, आंघोळ-स्वयंपाक-धुणं-भांडी सगळ्यासकट, तू गवताच्या नावाने रस्त्यावर सोडतोस, आणि थोडं वर. दहा दिवसांचं सहा हजार लिटर. आता दुसरी बाजू: तुझं लॉन पाचशे चौरस फूट, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. त्यावर दीड सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर लागतात जेमतेम सातशे लिटर. झोपलेल्या हरळीच्या खोडांत जीव राहावा म्हणून दहा-बारा दिवसांतून एकदा एवढं दिलं तर पुरतं. सहा हजार आणि सातशे. वजाबाकी तुझी तू कर.

आणि ते पाणी येतं कुठून? "नळातून" म्हणालास तर बाहेर काढीन. पेंचवरच्या तोतलाडोहातून नवेगाव खैरीला, तिथून गोरेवाड्याला, शुद्ध होऊन, विजेच्या जोरावर टाकीत चढून तुझ्या घरी. २०१९ विसरलास? वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झालेलं, पाऊस लांबलेला, तोतलाडोह मृत साठ्यावर टेकलेलं. भर जुलैत, पावसाळ्यात, महापालिकेला एक दिवसाआड पाणी करावं लागलं. सत्तर पार केलेल्या बाया पिंप भरून ठेवत होत्या. पुढे त्याच पावसाळ्यात धरण भरलं आणि दरवाजे उघडावे लागले, आणि शहर सगळं विसरलं. तू तर लगेच विसरलास.

त्याच्याही तीन वर्षं आधीची गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी न्यावं लागलं. पहिली गाडी पोचली १२ एप्रिलला. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मैदानांच्या हिरवळीवर किती पाणी जातं, हाच त्या याचिकेतला प्रश्न होता. मुंबई, पुणे आणि आपलं जामठा, तिन्हीकडचे सामने गेले. तू तेव्हा तिकिटांसाठी हळहळलास हे मला चांगलं आठवतं. ज्या गवतावर हजारो माणसं खेळ बघतात त्याच्या पाण्याचा जाब न्यायालयात द्यावा लागला. तुझ्या गवतावर तर कुणी खेळतही नाही. पोरांना तूच हाकलतोस.

माळ्याला दोष देऊ नकोस. दीड तासासाठी येतो बिचारा, तू म्हणशील ते करतो. "कार्पेटसारखं बारीक काप" हे तूच सांगितलंस. उन्हाळ्यात गवत दोन-अडीच इंच ठेवायचं, पानांची सावली त्याच्याच मातीवर पडू द्यायची, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त उंची कापायची नाही. तू ते नखाएवढं करून टाकलंस. माती उघडी, खोडं उघडी. मशिनचं पातं बोथट, पानाची टोकं कापलेली नाहीत, फाटलेली आहेत. जवळून बघ, प्रत्येक टोक पांढरं आहे. आणि कापलेलं गवत गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीत! ते तिथेच पडू दिलं असतंस तर मातीवर पांघरूण झालं असतं.

पिवळं पडलं म्हणून युरिया कुणी सांगितला? मे महिन्यात, या उन्हात? तापाने फणफणलेल्या माणसाला श्रीखंड-पुरी वाढलीस तू. मुळांना पाणी पुरत नाही आणि नत्र देऊन नवी पानं मागतोस. काळ्या चुनखडीच्या तापल्या जमिनीवर फेकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो, उरलेला मुळं जाळतो. शिवाय तो पिवळेपणा नत्राचा होता हे कशावरून? नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. जमीन चुनखडीची, त्यात तुझ्या बोअरचं जड पाणी; लोह जमिनीत असून मुळांना उचलता येत नाही. पावसाळा लागला की लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस टाकून संध्याकाळी फवार, आठवड्यात फरक दिसेल. फरशीवर उडवू नकोस, गंजाचे डाग जात नाहीत. मग मला फोन करून रडशील.

बोअर म्हटलं म्हणून सांगते. खड्डा तुझ्या प्लॉटमध्ये खणलाय म्हणून खालचं पाणी तुझं होत नाही. शेजारच्या चार घरांच्या बोअरनाही तेच पुरवायचं असतं.

पण खरा राग मला त्या कडुलिंबाचा आहे. पश्चिमेच्या कुंपणाशी होता, तुझ्या वडिलांनी हा प्लॉट घेतला तेव्हापासून. दुपारी तीननंतर अर्ध्या अंगणावर सावली असायची त्याची. पानं गळतात, लॉन घाण होतं म्हणून तू तो छाटत-छाटत खांब करून टाकलास. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारलंस? १९७५ चा कायदा आहे त्यासाठी, शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. "तोडलं कुठे, छाटलं," म्हणतोस? असली उत्तरं मला देऊ नकोस. आणि झाडाच्या बुंध्याभोवती, वाटेवर, गाडी लावायला, सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवलेस. तो गट्टू दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकरापर्यंत सोडत राहतो. तुझं गवत सगळ्यात आधी कुठे करपलंय बघ: भिंतीलगत आणि गट्टूलगत, हातभर रुंदीच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यावर गवत टिकणार नाहीच. ते काढ, तिथे वाळलेल्या पानांचं आच्छादन घाल आणि मोगरा लाव. कडुलिंबाला नवे फुटवे आलेत, त्यांना हात लावायचा नाही.

बारमाही हिरवी हिरवळ हे खूळ आलं कुठून, याचा विचार केलास कधी? ज्या देशात वर्षभर रिमझिम पडते आणि ऊन लागत नाही तिथून. इथे सिव्हिल लाइन्समध्ये बंगले बांधून ज्यांनी ते आणलं, ते मध्य प्रांताचे साहेबलोक उन्हाळा आला की सरकार उचलून पचमढीला जाऊन बसत. मे महिन्यात नागपुरात थांबून हिरवळ बघायची त्यांचीसुद्धा तयारी नव्हती. आता अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला, की लास वेगासच्या परिसरात नुसत्या शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२६ अखेर बंद. घरांना त्यातून वगळलंय, पण गवत काढणाऱ्याला तिथलं पाणी खातं पैसे देतं. तू मात्र पैसे मोजून गवत आणतोस आणि वर पाणी ओततोस.

सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जातोस ना? मे महिन्यात तिथलं गवत कसं दिसतं? वाळक्या काडीसारखं, पिवळंजर्द. कुसळी, पवन्या, मारवेल. त्यांना कोण पाणी घालतं? आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिथेच काय होतं? तिथे तुला ते पिवळेपण शोभतं, फोटोही काढतोस. स्वतःच्या अंगणात तेच झालं की तुझं नाक कापलं जातं.

बरं. मान खाली घालून उभं राहून काही होणार नाही, लिहून घे.

आज एकदम पाणी तोडलंस तर हे खरोखर मरेल, कारण मुळं वरच आहेत. आधी जीव आहे का ते बघ. चार ठिकाणी मूठभर गवत धरून ओढ. सहज हातात आलं, खालचं खोड ठिसूळ आणि आतून तपकिरी निघालं, तर तो तुकडा गेला. त्याच्यावर पाणी घालणं बंद. हाताला जोर लागला, खोड आतून पांढरट आणि घट्ट दिसलं, तर जिवंत आहे. जिवंत भागाला या आठवड्यात तिसऱ्या दिवशी पाणी, पुढे पाचव्या दिवशी, मग थेट दहाव्या. तोवर मृग लागेल. प्रत्येक वेळी पहाटे पाचला उठून द्यायचं. नाही उठवत? मग रात्री जेवणानंतर दे. या कोरड्या हवेत बुरशीची भीती नाही. एका दमात द्यायचं नाही. अर्धं दे, अर्धा तास थांब, माती फुगू दे, मग उरलेलं. सपाट बुडाचे दोन-तीन डबे गवतात ठेव आणि त्यांत दीड सेंटिमीटर पाणी साचलं की नळ बंद. दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघ. आधीपेक्षा खोल जायला हवा.

भेगांमध्ये बारीक चाळलेलं शेणखत भर. मशिन पाऊस पडेपर्यंत बाहेर काढायचं नाही, पातं तेवढं धार लावून आण. झोपलेल्या गवतावर चालायचं नाही आणि तुझी ती स्कूटर त्यावर उभी करायची नाही.

घरातलं पाणी वापरीन म्हणतोस, तर कोणतं ते ऐक. तांदूळ-भाजी धुतलेलं चालेल. एसीतून ठिबकणारं फार चांगलं, त्यात क्षार नसतात. कपड्यांच्या मशिनचं नको; साबणातल्या सोडियमने काळी माती आणखी चिकट होते. कूलरच्या टाकीच्या तळाचं तर मुळीच नको. दिवसभर पाणी उडून क्षार तेवढे तिथे उरलेले असतात, जाळीवर तो पांढरा थर बघतोस ना, तोच तू गवतावर ओतणार. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही तसंच; त्याने फरशी पूस.

पाऊस स्थिरावला की मेलेल्या तुकड्यांत जिवंत भागातल्याच मुळ्या दोन-दोन इंचांवर टोचायच्या, पुन्हा लाद्या आणायच्या नाहीत. आणि या वेळी अर्ध्याच जागेत. उरलेल्या अर्ध्यात काय लावायचं ते जुलैत येऊन सांगीन. आत्ता सांगितलं तर तू उद्याच लावून मोकळा होशील.

त्या टँकरवाल्याला उद्या सकाळी बोलावलंयस ना? फोन काढ. खेप रद्द कर. नंतर नाही, माझ्यासमोर कर, आणि स्पीकरवर टाक.